कोथरूड की बाणेर? आधी घरात दिवसभर कोण असतं ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकहून पुण्याला यायचंय. नवऱ्याचं ऑफिस हिंजवडी फेज १ मध्ये, आठवड्यातून तीन दिवस. तुमची नोकरी डेक्कनला, रोजची. मुलगी पहिलीत जाणार. सोबत सासूबाई, वय ७२, गुडघे दुखतात. दोन-तीन वर्षं भाड्यानं राहून मग विकत घ्यायचा विचार. टू बीएचके, भाडं ३५ हजारांपर्यंत. कोथरूड घ्यावं की बाणेर-बालेवाडी?

घरात माणसं चार आहेत, पण हिशेब तुम्ही दोघांचाच मांडलाय. ऑफिसला जायला किती वेळ, यायला किती वेळ, बस्स. मी बँकांसाठी घरांचं मूल्यांकन करते, पेशानं सिव्हिल इंजिनिअर. त्यामुळे सोसायटीच्या टाकीत डोकावणं, जिन्यातली ओल बघणं, जमाखर्चाची पानं उलटणं हा रोजचा धंदा. त्यातून झालेलं मत सांगते. भाग निवडताना घरात सगळ्यात जास्त तास घालवणाऱ्या माणसाचा दिवस आधी मांडायचा. ऑफिसं बदलतात, तीन दिवसांचे पाच होतात, पाचाचे शून्यही होतात. सासूबाईंची सकाळ-संध्याकाळ मात्र रोज तिथेच जाणार आहे.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते: तुमच्यासाठी कोथरूड. पण सगळं कोथरूड नाही, आणि लिफ्ट नसलेलं तर अजिबात नाही.

प्रवासाचं आधी उरकू. कोथरूडहून हिंजवडी म्हणजे ढोबळ पंधरा-सतरा किलोमीटर, बालेवाडीहून सात-आठ. नकाशावर हा फरक दुप्पट दिसतो, रस्त्यावर तो वेगळा लागतो. कोथरूडचा माणूस चांदणी चौकातून बायपासला लागतो आणि बावधन, सूस खिंड, बाणेर, बालेवाडी असं करत वाकडला पोचतो. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवा उड्डाणपूल खुला झाला. तेव्हापासून तिथला गळफास बराच सैल झालाय. खरी कोंडी वाकड, भुमकर चौक आणि हिंजवडीच्या तोंडाशी असते, आणि ती बाणेरवाल्यालाही चुकत नाही. बालेवाडीकरांना म्हाळुंग्याकडून जायची वाट आहे, पण ती आता सगळ्यांनाच माहीत झालीय. म्हणजे तुमच्या यजमानांना जादा पडतो तो चांदणी चौक ते बालेवाडी एवढाच तुकडा. गर्दीच्या वेळी अर्धा तास धरा. आठवड्याचे सहा फेरे, तीन तास.

आता तुमचं. बाणेरहून डेक्कन रोज, म्हणजे आठवड्याचे दहा-बारा फेरे, आणि वाटेत विद्यापीठ चौक. तिथला जुना उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला, आणि पुढची काही वर्षं त्या चौकानं बाणेर-औंधच्या लोकांचा काय छळ मांडला होता ते पुण्यात कुणालाही विचारा. कोथरूडहून मात्र मेट्रो आहे. वनाज ते गरवारे कॉलेज हा टप्पा मार्च २०२२ मध्ये सुरू झाला आणि आता तीच गाडी रामवाडीपर्यंत जाते. वनाजला बसलात की दहा-बारा मिनिटांत डेक्कन. डेक्कन जिमखाना स्टेशन नदीकडच्या बाजूला आहे. त्यामुळे तुमचं ऑफिस कर्वे रस्त्याकडे असेल तर गरवारेला उतरणं सोयीचं पडेल.

इथे एक गोष्ट बाहेरगावच्या माणसाला कुणी सांगत नाही. ‘कोथरूडला मेट्रो आहे’ हे अर्धं खरं आहे. ही मार्गिका पौड रस्त्यावरून येते: वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी, मग नळस्टॉप. कर्वे पुतळा, डहाणूकर कॉलनी, गांधी भवन, कर्वेनगर या बाजूला ती लागतच नाही. तिथून स्टेशनला यायचं म्हणजे रिक्षा किंवा दुचाकी, आणि एकदा दुचाकी काढली की माणूस थेट डेक्कनलाच जातो. एजंट ‘मेट्रोपासून पाच मिनिटं’ म्हणाला तर चालत जाऊन बघा, तेही सासूबाईंच्या चालीनं.

बाणेरच्या बाजूनं बोलायचं तर हिंजवडी ते शिवाजीनगर ही तिसरी मार्गिका बालेवाडी आणि बाणेर रस्त्यावरूनच जाते. तेवीस किलोमीटर, तेवीस स्टेशनं. तिच्या तारखा इतक्या वेळा पुढे गेल्या की मी अहवालात तिच्यावर एक ओळही विसंबून लिहीत नाही. घर बघाल त्या दिवशी जी स्टेशनं प्रवासी घेतात तेवढीच मोजा. जाहिरातीतली मेट्रो भाडं आज वाढवते आणि धावते तिच्या सवडीनं. त्या गाडीनं कोथरूडहूनही हिंजवडीला जाता येईल असं कुणी म्हणालं तर नकाशा बघा. आधी सिव्हिल कोर्टापर्यंत पूर्वेला जायचं आणि मग उलटं पश्चिमेला. कंपनीची बस बरी.

आता पाणी. पुण्यात दोन भागांची तुलना करताना मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवते, आणि भाड्यानं घर बघणारे सगळ्यात कमी. कोथरूड महापालिकेच्या पाण्यावर जुनं जोडलेलं आहे. चढावरच्या काही भागांत दाब कमी असतो, गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवलं की शुक्रवारी उशिरा आणि कमी येतं. पण टँकरशिवाय वर्ष काढणाऱ्या इमारती तिथे सर्रास आहेत. बाणेर-बालेवाडी १९९७ मध्ये पालिकेत आलं आणि इमारती नळांच्या कितीतरी पुढे धावल्या. परवानगी देताना बिल्डरकडून ‘पालिकेचं पाणी पुरेसं येईपर्यंत पाण्याची सोय आम्ही करू’ अशी हमीपत्रं घेतली गेली. बिल्डर प्रकल्प सोसायटीच्या ताब्यात देऊन मोकळा होतो आणि टँकरचं बिल रहिवाशांच्या गळ्यात पडतं. चोवीस तास पाणी योजनेत नव्या टाक्या झाल्या, काही सोसायट्यांचं चित्र सुधारलंही. पण हा फरक भागाचा राहिलेला नाही, तो गेटागणिक आहे.

आकडा मांडून दाखवते. दोनशे फ्लॅटची सोसायटी धरा, घरी सरासरी साडेतीन माणसं, म्हणजे सातशे. माणशी रोज १३५ लिटर हे सरकारी मानक. झाले साधारण ९५ हजार लिटर. पालिकेकडून आणि बोअरमधून निम्मं मिळालं, तर उरलेल्यासाठी दहा हजार लिटरचे पाच टँकर रोज. टँकर हजार रुपयांना धरला तर महिन्याला दीड लाख, फ्लॅटमागे साडेसातशे. रक्कम ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच ना? पैशाचं सोडा. एप्रिलमध्ये टँकरवाल्यांचा संप झाला किंवा मागणी वाढली की त्याच सोसायटीत सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास असं वेळापत्रक लागतं. तेव्हा दुपारी घरात कोण असतं? सासूबाई. भरलेली बादली उचलायची कुणी?

म्हणून सेक्रेटरीला ‘पाणी कसं आहे?’ असं विचारू नका. उत्तर ‘भरपूर’ असंच येतं. मागच्या वर्षीचा लेखापरीक्षित जमाखर्च बघायला मागा आणि त्यातलं टँकरचं खातं वाचा. घरमालक सभासद असतो, त्याला तो मिळतो. नाही जमलं तर वॉचमनकडे टँकरची नोंदवही असते, ती बघा. किंवा मे महिन्यात सकाळी सात वाजता गेटासमोर उभे राहा.

आता सासूबाई. कोथरूडमध्ये मयूर कॉलनी, आयडियल कॉलनी हा पट्टा त्यांच्यासाठी चांगला. बऱ्यापैकी सपाट, भाजीवाला गल्लीत, किराणा कोपऱ्यावर, फॅमिली डॉक्टर पहिल्या मजल्यावर नाहीतर तळमजल्यावर, देऊळ चालण्याच्या अंतरात. दुपारी चारला थोरात उद्यानात त्यांच्या वयाची माणसं भेटतील. यशवंतराव चव्हाण नाट्यगृह रिक्षानं पाच मिनिटं. उलट त्याच कोथरूडमध्ये भुसारी कॉलनीचा वरचा भाग किंवा महात्मा सोसायटीकडचा चढ बघा. हवा छान, टेकडी जवळ, पण दुखऱ्या गुडघ्यानं खाली उतरलेलं माणूस वर यायला रिक्षाच शोधणार. पत्ता मात्र दोन्हीकडे कोथरूडच. भागाभागातल्या फरकापेक्षा भागाच्या आतला फरक कितीतरी मोठा असतो तो असा.

बाणेरमध्ये गेटाच्या आतलं आणि बाहेरचं अशी दोन वेगळी गावं आहेत. आत बाकं, बाग, सपाट चालायची वाट, दोन-तीन लिफ्ट, त्यांना जनरेटर. खाली ज्येष्ठांचा गट जमलेला असतो, भजनी मंडळही निघतं. बाहेर पडलं की फूटपाथ मधेच संपतो आणि पलीकडच्या दुकानात जायला रस्ता ओलांडणं हे तरण्या माणसाचं काम आहे. औंध-बाणेर-बालेवाडी हा पट्टा स्मार्ट सिटीसाठी निवडला गेला होता, २०१६ मध्ये बालेवाडीच्या क्रीडा संकुलातूनच तिची सुरुवात झाली. काही रस्त्यांचे फूटपाथ त्यात खरोखर रुंद आणि देखणे झाले. पण ते जिथे आहेत तिथे आहेत, तुमच्या गेटासमोर आहेत का ते बघायचं. बाणेरमध्ये सासूबाईंचं जग कंपाऊंडएवढं होईल. काहींना तेच आवडतं. त्यांना एकदा दोन्हीकडे नेऊन आणा, भाजी आणायला पाठवा आणि परत आल्यावर चेहरा बघा.

कोथरूडची दुखरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी तिथली एजंट आहे. तिथल्या जुन्या इमारती पार्किंग अधिक तीन मजल्यांच्या, पुष्कळ ठिकाणी लिफ्ट नाही, असली तर बॅकअप नाही. तिसऱ्या मजल्यावरचा हवेशीर फ्लॅट भाड्यानं स्वस्त मिळतो तो उगाच नाही. तुम्ही तो घेतलात तर सासूबाई आठवड्यातून एकदा खाली येतील. तसाच प्रसंग आला तर मी कोथरूड सोडून बाणेरची लिफ्ट घेईन.

दुसरं, रिडेव्हलपमेंट. सध्या कोथरूडमध्ये अशी गल्ली सापडणं कठीण जिथे एखादी इमारत पाडलेली नाही. धूळ, ब्रेकर, मिक्सरची रांग. शेजारचा प्लॉट बघा, पत्रे लागले असतील तर पुढची दोन-अडीच वर्षं ठरलेली. आणि तुमचीच इमारत त्या वाटेवर असेल तर? मालक हे आपणहून सांगत नाही. थेट विचारा: बिल्डरची निवड झालीय का, सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालची, म्हणजे पुनर्विकास ठरवणारी, सभा झालीय का, करारनामा कुठवर आलाय. सभा झाली म्हणजे लगेच पाडतात असं नाही, कधी कधी वर्षानुवर्षं भांडणं चालतात. पण मुलीची शाळा जवळची घेतलीत आणि सातव्या महिन्यात घर रिकामं करा म्हणाले तर? म्हणून हे आधी.

तिसरं, पार्किंग. जुन्या इमारतीत चारचाकीला जागा नसते किंवा ‘आहे’ म्हणजे दुसऱ्याच्या गाडीमागे. रात्री साडेदहाला त्या गल्लीत एक चक्कर मारा, गाडी कुठे लावाल ते समजेल. बाणेरमध्ये हा प्रश्न बहुधा येत नाही. तिथे रात्रीचा प्रश्न आवाजाचा. बालेवाडी हायस्ट्रीटच्या, म्हणजे हॉटेलं-पबच्या रस्त्याच्या, आसपासचं घर शनिवारी रात्री अकराला बघावं, रविवारी सकाळी नाही.

आणि एक अप्रिय गोष्ट. काही घरमालक ‘फक्त शाकाहारी’ अशी अट घालतात, कोथरूडच्या जुन्या सोसायट्यांत जरा जास्तच. तुम्ही मासे खात असाल तर टोकन द्यायच्या आधी स्पष्ट बोला. माझं मत विचाराल तर सोसायटीनं भाडेकरूच्या ताटात डोकावायचं काही कारण नाही, पण भांडत बसण्यापेक्षा दुसरं घर शोधणं सोपं.

मुलीच्या बाबतीत मात्र बाणेरचं पारडं जड. शंभर-दोनशे घरांच्या संकुलात तिच्या वयाची दहा मुलं संध्याकाळी खाली असतात, गाड्या बेसमेंटला. कोथरूडच्या बारा फ्लॅटच्या इमारतीत कदाचित एकही समवयस्क नसेल. बागेत न्यावं लागेल. जोशी रेल्वे म्युझियम जवळ आहे, पण ते दरवेळी पुरणार नाही. शाळांबद्दल मी जास्त बोलत नाही, ते माझं क्षेत्र नाही. एवढंच: घर आणि शाळा नदीच्या, हायवेच्या किंवा टेकडीच्या दोन बाजूंना ठेवू नका. बसमध्ये एक तास बसणारी सहा वर्षांची मुलं मी सकाळी बघते. मराठी माध्यम हवं असेल तर कोथरूड-एरंडवण्यात निवडीला वाव बराच जास्त.

घरकामाला मदतनीस, हेही लिहून ठेवा, कारण तुम्ही दोघंही बाहेर. कोथरूडला केळेवाडी, जयभवानीनगर, सुतारदरा या वस्त्या लागूनच आहेत. मावशी चालत येतात, एकीला बरं नसलं तर दुसरी मिळते. बाणेरच्या नव्या टोकांना मावशींनाच दोन बस बदलून यावं लागतं, म्हणून दर चढे आणि दांड्या जास्त. त्यात त्यांचा दोष नाही.

दवाखाना दोन्हीकडे आहे. कोथरूडहून एरंडवण्यातलं दीनानाथ मंगेशकर जवळ, बाणेरमध्ये गेल्या काही वर्षांत मोठी रुग्णालयं झालीत. या मुद्द्यावर निर्णय अडू देऊ नका.

खर्चाची तुलना करताना नुसतं भाडं लावू नका. मेंटेनन्स कोण भरणार ते करारात लिहून घ्या. बाणेरच्या सुविधावाल्या संकुलात चौरस फुटाला चार रुपये धरले तरी नऊशे फुटांना ३,६०० होतात. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी मालकाकडून बिगरभोगवटा शुल्क घेऊ शकते, पण सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच. कुणी तुमच्याकडून ‘सोसायटी ट्रान्सफर’ वगैरे नावानं मोठी रक्कम मागितली तर हा नियम दाखवा. लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं सक्तीचं आहे. मुद्रांक शुल्क पाव टक्का, एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वार्षिक दहा टक्के मानीव व्याज यांच्या बेरजेवर. ३५ हजार भाडं, दीड लाख डिपॉझिट, अकरा महिने असं धरलं तर ते हजाराच्या आसपास येतं, वर नोंदणी शुल्क हजार. दोन हजारांसाठी नुसत्या नोटरीवर भागवू नका. पोलिसांकडची भाडेकरूची नोंदही त्याच आठवड्यात झाली पाहिजे.

लॉक-इन, म्हणजे मधेच घर सोडता येत नाही तो काळ, सहा महिन्यांपेक्षा जास्त मान्य करू नका. तुमच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं, कारण यजमानांचं ऑफिस पाच दिवसांचं झालं तर माझं उत्तर बदलतं. पाच दिवस हिंजवडी आणि तुमचं डेक्कन, असा ताण आला तर बाणेरचा अलीकडचा भाग, म्हणजे बाणेर गाव ते पाषाण जोडरस्ता, हा दोघांना मध्यम पडतो. बालेवाडीच्या टोकाला तरीही जाऊ नका.

विकत घ्यायचं ते भाड्यानं राहून एक उन्हाळा आणि एक पावसाळा बघितल्यावर. तेव्हा वेगळे प्रश्न येतात. बाणेरमध्ये रामनदी किंवा मुळेच्या जवळ, कर्वेनगरच्या खालच्या बाजूला मुठेजवळ घर बघत असाल तर पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी कसं शिरलं ते सगळ्यांनी पाहिलंय. टेकडीच्या उतारावरचा ‘निसर्गरम्य’ बंगला-प्लॉट दाखवला तर आधी झोन दाखला, म्हणजे ती जमीन कशासाठी राखीव आहे त्याचा कागद, मागा, कारण बाणेर-पाषाणच्या टेकड्यांवर बीडीपीचं, म्हणजे जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे. कोथरूडमध्ये जुना फ्लॅट घेताना समोरच्या रस्त्याची रुंदी टेप लावून मोजा. सहा मीटरच्या आणि नऊ मीटरच्या रस्त्यावरच्या इमारतींचं पुनर्विकासातलं नशीब सारखं नसतं, आणि आज दोन्हींचा दर जवळपास सारखाच सांगतात. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, झालंय का तेही बघा. इमारतीची नोंदणी ‘सोसायटी’ म्हणून आहे की ‘अपार्टमेंट’ म्हणून, हेही विचारा. सोसायटीत सेवाशुल्क दर फ्लॅटला सारखं, अपार्टमेंटमध्ये अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात.

शाळा जूनमध्ये सुरू होतात, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये सगळेच घरं शोधतात आणि भाडी तेव्हा ताठ असतात. जमलं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये या. पहिल्या दिवशी आयडियल कॉलनी आणि मयूर कॉलनी पायी फिरा, दुसऱ्या दिवशी बाणेर गाव आणि जोडरस्ता. सासूबाईंना घेऊन या, आणि दोन्हीकडे पहिलं घर बघायच्या आधी त्या इमारतीची लिफ्ट आणि खालची टाकी बघा.